ज्या माईकात बोलला

छोटेलालला पस्तावा झाला, हे आमच्या गावात कोणालाही विचारा. सौंदडकडून येताना पहिला पानठेला लागतो, तिथंच सांगतील. माणूस असावा तर असा, चूक झाली, वाकला, अन् वाकून मोठा झाला. हे ऐकलं की माझ्या अंगाची लाही होते. म्हणून लिहायला बसले आहे. मी नीला, रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, टोळीतली बाई. दहावी पास आहे, त्यामुळे कागदावर शाळेची मराठी येते. राग मात्र गावचाच आहे.

तर छोटेलाल. वय पन्नासच्या आसपास, अंगानं काडी, पण गळा असा की बापा रे. लहानपणी ढोरं राखायचा, तळ्याच्या या काठावरून त्या काठावरच्या म्हशी हाकलायचा, तिथंच तो गळा तयार झाला म्हणतात. पुढे गावच्या कोतवालानं दवंडी देणं सोडलं आणि छोटेलालनं एक जुना ऑटो घेऊन त्यावर भोंगा बसवला. तेव्हापासून सौंदडपासून साकोलीपर्यंत जे काही लोकांना सांगायचं असेल ते छोटेलालच्या तोंडून. बकरी हरवली, लसीचा कॅम्प आहे, नाटक आहे, चपलांचा सेल आहे. "भाइयों और बहनों" म्हणून सुरुवात हिंदीत करायचा आणि मुद्द्यावर आला की आपल्या बोलीत उतरायचा. कोणी मेल्याची खबर तो अशी द्यायचा की ज्यांनी मेलेल्याला पाहिलं नाही त्या बायाही पदर डोळ्याला लावायच्या. पाच मिनिटांनी त्याच आवाजात चपलांचा सेल. जीभ उचलली, टाळ्याला लावली, हा त्याचा धंदा. लोकांना तो आवडायचा. मलाही आवडायचा, खोटं कशाला बोलू.

त्याची दोन एकर धानाची बांधी होती आणि ती रोवायला दरसाल आमची टोळी जायची. चौदा बाया, आणि म्होरकी धुरपताबाई. नवरा वीस वर्षांपूर्वी गेला, लेकरू झालं नाही, शेत नाही, घर सरकारी योजनेतलं. तिच्याजवळ एकच गोष्ट होती, ती म्हणजे रोवणीतली पहिली जागा. चिखलात धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून ती उभी राहायची, पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, पहिली पेंडी तिच्या हातून लागायची आणि बाकीच्या तेरा जणी तिच्याकडे पाहून मागं मागं सरकत रांग धरायच्या. तिच्या रांगेला दोरी लावावी लागत नसे. तिला वाचता येत नाही. फोनमध्ये कोणाचा नंबर कुठला, हेही तिला बटणाच्या जागेवरूनच कळतं. त्यामुळे शेतकऱ्यांचे फोन माझ्याकडे यायचे, "नीला, धुरपताबाईले सांग, सोमवारी आमच्याकडे." तिचं जॉबकार्ड, लाइटबिल, सगळं मीच वाचून दाखवते. पंधरा वर्षं तिच्या शेजारी उभी राहून रोवलं आहे मी.

तीन वर्षांपूर्वी छोटेलालच्या बांधीला तुडतुडा लागला. धानाचा रस शोषणारा बारका किडा. आधी एका जागी गोल डाग पडतो, मग आठ दिवसांत अख्खी बांधी बसते, म्हणजे धान जागच्या जागी वाळतो. शेतावर येणाऱ्या कृषी सहायकानं त्याला आधीच सांगितलं होतं, बुंध्याशी वाकून पाहा, किडा दिसला की त्याच दिवशी औषध मारा. छोटेलालला वाकायला वेळ कुठून असणार. सडक अर्जुनीच्या नाटकाचं बोलावणं होतं, ऑटोवर आठ दिवस गावोगाव फिरला. परत आला तेव्हा धान उभा होता पण आत काही उरलं नव्हतं. औषधाची बाटली घरात फळीवर सीलबंद होती. हे त्याच्या बायकोनंच आम्हाला हापशीवर सांगितलं होतं.

त्यानंतर दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगावी जत्रा भरते, तिला मंडई म्हणतात. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, दुपारी दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ असतो. त्या वर्षी दंडारवाल्यांची गाडी रस्त्यात बंद पडली आणि मंडई कमिटीचा कैलाश छोटेलालला म्हणाला, भाऊ, तेवढं सांभाळ. हजारेक माणूस बसलेलं. आम्ही बायका पुढे, पोती अंथरून. धुरपताबाई आणि मी एकाच पोत्यावर.

छोटेलालनं पाहुण्यांची नावं घेतली, दोन विनोद केले. मग म्हणाला, "यंदा माह्या बांधीत धान काऊन बसला, मालूम आहे काय? किडा-फिडा काही नाही. धुरपताबाईचा हात लागला. असा हात का उभा धान बसते अन् बसलेला मानूस उठते. ज्याचं शेजाऱ्यासंगं भांडन असन, त्यानं बाईले शेजाऱ्याच्या बांधीत रोवाले धाडा. पत्ता माह्यापाशी आहे."

सगळे हसले.

आता पाहा त्याची हुशारी. करणी, जादूटोणा असलं काही तो बोललाच नाही. त्याला कायदा आहे, पोलीस येतात. त्यानं फक्त गम्मत केली. पण गम्मत छोटेलालच्या तोंडून निघाली होती, आणि ज्या तोंडानं मेल्याची खबर मिळते, पोलिओची तारीख मिळते, त्या तोंडाचं लोक खरं धरतात. सहा महिन्यांत गम्मत कोणाच्या लक्षात राहिली नाही, हात तेवढा राहिला. कोणाची म्हैस आटली, हात आठवला. कोणाची सून बाळंतपणात अडली, हात आठवला.

पुढच्या आषाढात मला फोन आले. पहिला फोन आला तोच असा, "नीला, यंदा चौदा नको. तेरा आन." दुसराही तसाच. एकानंही धुरपताबाईचं नाव घेतलं नाही, कारण विचारलं तर म्हणायचे, बांधी लहान आहे. मी तेरा नेल्या. टोळी मोडली असती तर तेरा घरांची रोवणीच्या दिवसांतली मजुरी गेली असती. पहिल्या जागेवर कोणीतरी उभं राहावंच लागतं, तर मी उभी राहिले. धुरपताबाई त्या वर्षी रोजगार हमीच्या नालीवर गेली. तिथंही बाया तिच्या बाटलीतलं पाणी पिईनात.

आमच्या बौद्ध मोहल्ल्यात हे असलं कोणी मानत नाही, हे मी छातीठोक सांगते. आजोबांनी छप्पन सालानंतर घरातले देव तळ्यात सोडले तेव्हा भूत-करणीही सोडली. मग आमच्या मोहल्ल्यातल्या चार जणांनीही तेराच बाया का मागितल्या, ते मला विचारू नका.

आता पस्ताव्याकडे येते. त्याच वर्षी दिवाळीच्या आधी छोटेलालच्या बांधीला पुन्हा तुडतुडा लागला. धुरपताबाईनं तर त्या बांधीत पाय ठेवला नव्हता. शहाण्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. पण लगेच दुसरं झालं, त्याचा गळा बसला. आधी घोगरा झाला, मग नुसती हवा. भोंगा समोर अन् आवाजच नाही. पंधरा दिवस काढे घेतले, मध घेतला, काही नाही. आणि मग एका दुपारी तो धुरपताबाईच्या दारात आला, हातात नारळ, हिरवी साडी आणि पिशवीत पाच लिंबं. मी तिथंच होते, तिचं लाइटबिल वाचून दाखवत होते.

धुरपताबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि कुजबुजला, "बाई, जे केलं ते काढून घे."

"काय केलं म्या?"

"आता मी कसा सांगू. माह्या गळ्यावरचं काढ. पस्तावा झाला मले. पाय धरतो."

मला वाटलं सुपातले तांदूळ त्याच्या तोंडावर फेकावेत. समजलं ना तुम्हाला? हा माणूस माफी मागायला आला होता, पण चेटकिणीची माफी मागायला. मंडईत जे गमतीनं म्हणाला होता ते आता खरं मानून आला होता. पहिला अपमान माईकातून होता, हा दुसरा हात जोडून.

धुरपताबाई शांत होती. म्हणाली, "मी काही केलंच नाही, तं काढू काय? पाय सोड. ज्या माईकात बोलला, त्याच माईकात बोल. धानाले काय झालं होतं तेवढं सांग. बस. साडी घेऊन जाय."

"बोलाले आवाज तं पायजे ना वो बाई."

"मंग आवाज येईन तवा बोल."

तो गेला. संध्याकाळपर्यंत गावात झालं की धुरपताबाईनं शर्त घातली आहे, ती म्हणेल तेव्हा आवाज येणार. आहे का नाही कमाल? ती बिचारी साधं बोलली, आणि तेही तिच्यावरच उलटलं. ज्यांना आतापर्यंत शंका होती त्यांचीही खात्री पटली.

छोटेलाल गोंदियाला नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेला. डॉक्टरनं नळी घालून पाहिलं, म्हणाला, ओरडून ओरडून आतल्या पडद्यावर गाठी आल्या आहेत, तीन महिने तोंड बंद, आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा कायमचा बंद. ही गोष्ट डॉक्टरच्या चिठ्ठीवर लिहिलेली आहे, त्याच्या बायकोनं ती माझ्याकडून वाचून घेतली. पण गावात काय सांगितलं? छोटेलालनं मौन धरलं. छोटेलालनं खर्रा सोडला. पस्तावा आहे बाबा.

महाशिवरात्रीला तो अनवाणी आमच्याकडच्या प्रतापगडच्या डोंगरावर गेला. महादेवाला बेल वाहिला, तिथून दर्ग्यावर जाऊन चादर चढवली. दोन्हीकडचे फोटो गावाच्या ग्रुपवर आले. पायाला आलेल्या फोडांचाही फोटो आला. डोकं भादरलं. मटण सोडलं. करून करून भागला अन् देवपूजेला लागला, असं आमच्याकडे म्हणतात, ते ह्याच्यासाठीच म्हणून ठेवलं असावं. उन्हाळ्यात गळा मोकळा झाला, तेव्हा त्यानं गावजेवण घातलं. धुरपताबाईलाही निरोप होता. जेवायला पंगतीत नाही, डबा घरपोच येणार होता. तिनं डबा परत पाठवला आणि लोक म्हणाले, पाहा, तो एवढा वाकला तरी बाईची अकड जात नाही.

ह्यातला डाव पाहा. चूक केली तेव्हा छोटेलाल एक भोंगेवाला होता. पस्तावा केला आणि तो छोटेलालभाऊ झाला. भांडणं मिटवायला लोक त्याला बोलवायला लागले. लहान पोट्ट्यांना त्याचा दाखला देऊ लागले. आणि ज्या बाईचं वाटोळं झालं ती त्या गोष्टीत फक्त अडेल म्हातारी. आमच्या विहारात भंतेजी सांगतात, चूक झाली तर ती चूक म्हणून सांगावी आणि पुन्हा करू नये. दोन वाक्यांचं काम आहे. अनवाणी चालणं त्यात कुठेच नाही. छोटेलालनं ते दोन वाक्यांचं काम सोडून सगळं केलं. पायानं केलं, पोटानं केलं, डोक्याच्या केसांनी केलं. फक्त जिभेनं केलं नाही. आणि गुन्हा तर जिभेनंच केला होता.

त्या आषाढातही फोन आले, तेरा आन.

मग पुन्हा मंडई आली. कैलाशनं या वेळी पत्रिकेतच छापलं होतं, छोटेलालभाऊंचं मनोगत. दोन वर्षांनी तो मंडईच्या माईकावर येणार म्हणून आजूबाजूच्या गावांतूनही माणूस आला होता. धुरपताबाई मागे एकटी उभी होती, लिंबाच्या झाडाला टेकून. मी पुढे पोत्यावर होते.

आणि बोलला तो, काय सांगू. गळा पहिल्याहून चांगला झाला होता. "भाइयों और बहनों, मी पापी मानूस आहे. ह्या जिभेनं लय पाप केलं. देवानं माहा आवाज घेतला. तवा मले समजलं का मानूस किती लहान आहे." आवाज कापायला लागला. आपल्या आईचं नाव घेतलं. पायाचे फोड सांगितले, महादेव सांगितला, पीरबाबा सांगितले. शेवटी रडला, खरोखरचे डोळे पाण्यानं भरले. बायका रडल्या. कैलाशनं शाल आणि नारळ आणला. बारा-पंधरा मिनिटं तो बोलला आणि त्यात धुरपताबाईचं नाव नव्हतं, धान नव्हता, किडा नव्हता. सगळं भाषण त्याच्याविषयीच होतं. पस्ताव्यातही हाच नायक.

शाल खांद्यावर पडायच्या आत मागून आवाज आला. मोठा नव्हता. "छोटेलाल, धानाले काय झालं होतं?"

लोक वळले. धुरपताबाई चालत पुढे आली. बायकांनी पाय आवरले, तिचा पदर लागू नये म्हणून. ती स्टेजच्या खाली उभी राहिली.

"बाई, मी आता तेच तं सांगून राहिलो," छोटेलाल म्हणाला. "मले माफ कर."

"माफीचं मंग पाहू. धानाले काय झालं होतं?"

तो माईक खाली करून हळू म्हणाला, "तुडतुडा."

"माईकात."

कैलाश मध्ये पडला, "जाऊ दे ना बाई, एवढा रडून राहिला मानूस." तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही. छोटेलालकडेच पाहत राहिली. मला वाटलं तो आता पुन्हा रडेल आणि सुटेल. रडणं त्याला सोपं होतं. पण डोळे कोरडे झाले होते, तोंड उतरलं होतं. त्यानं माईक तोंडाशी नेला. भोंग्यातून कर्र झालं.

"तुडतुडा होता," तो म्हणाला. "दवाई घरात होती. मी मारली नाही. बाईच्या हाताचा काही संबंध नाही. मी खोटं बोललो."

ना चढ, ना उतार. बकरी हरवल्याची खबर तो याहून चांगली द्यायचा. कोणी टाळी वाजवली नाही. शाल कैलाशच्या हातातच राहिली. हजार माणसांना एकमेकांकडे पाहता येईना, कारण ती ओळ फक्त छोटेलालची नव्हती. मग दंडारवाल्यांनी ढोलकी सुरू केली. धुरपताबाई पदर खोचून घरी गेली.

यंदाच्या आषाढात फोन आले, "नीला, चौदा आन." छोटेलालचाही आला. मी धुरपताबाईला विचारलं तर म्हणाली, "त्याच्या बांधीत नाही."

"माफ नाही केलं काय?"

"माफीबिफी मले समजत नाही. त्यानं सांगतलं, लोकाइनं आयकलं. आता तो अन् त्याचा धान. मले रोवनी आहे."

पहिल्या दिवशी मी आपसूक दुसऱ्या जागेवर सरकले. दोन वर्षं मी उभी होते तिथं ती उभी राहिली. पहिली पेंडी सोडली, लावली. दोन वर्षांनी रांग सरळ आली. मला इतकं बरं वाटलं की मी छोटेलालला शिव्या द्यायला लागले. शिव्या द्यायला मला कारण लागत नाही. म्हटलं, नकटा कुठला, नाक दाबलं तेव्हा तोंड उघडलं, एवढी वर्षं एक वाक्य गिळून बसला. बाकीच्या बाया हसत होत्या. धुरपताबाई वाकलेलीच होती. हात चालूच होते.

"नीला," ती म्हणाली. फक्त मला ऐकू जाईल एवढंच. "त्या दिवशी मंडईत तूबी हासली होतीस काय वो?"

चार शब्द लागले असते. हो बाई, चुकलं माझं. तोंडाशी होते. तीन वर्षं मी छोटेलालला ज्यासाठी फाडून खात होते, तेच तिनं माझ्याकडे मागितलं होतं, आणि ना हजार माणूस होतं, ना भोंगा. चिखल, ती अन् मी.

"नाही वो बाई," मी म्हणाले. "मी कायले हासू."

ती "बरं" म्हणाली आणि एक पाऊल मागे सरकली. मीही सरकले, रांग मोडायला नको म्हणून.

आम्ही एकाच पोत्यावर बसलो होतो. मी हसले तेव्हा माझा खांदा तिच्या खांद्याला लागून हलत होता. तिला माहीत आहे. आणि तेरा आन म्हणणाऱ्या एकाही फोनला मी का म्हणून विचारून भांडले नाही, पहिली जागा मला आवडायला लागली होती, हेही तिला माहीत असणार. छोटेलाल नालायक आहे, हे मी आजही कुठंही सांगेन. पण त्याचं काम त्या दिवशी स्टेजवर झालं. माझं राहिलं आहे.

रोवणी संपून महिना झाला. रोज तिच्याकडे जाते, आलेला कागद वाचून देते, चहा घेते, परत येते. शब्द निघत नाही. म्हणून शेवटी हे सगळं वहीत लिहून काढलं, काही लपवलं नाही, मी हसले होते तेही लिहिलं. लिहिल्यावर हलकं वाटलं. पण धुरपताबाईला वाचता येत नाही.